निम्म्याचा हिशेब

दांडिया बाजार, बडोदा. सकाळचे साडेसात. जुन्या वाड्याच्या स्वयंपाकघरात खुंटीला नॉनस्टिक तवा टांगलाय, कडेला खरवडलेला. सातवा महिना लागलेली सून म्हणते, "आई, हा आता काढायचा नाही हं." घावन बिडाच्या तव्यावर पडतं.

खरवडलेल्या तव्यातून पोटात काही जाईल ही तिची काळजी खरी आहे, फक्त तिचं बोट थोडं चुकीच्या जागी आहे. तव्यावरच्या टेफ्लॉनचा कण पोटात गेला, तर बहुतेक तसाच बाहेर पडतो. शरीरात चिकटून राहतं ते पीएफओए हे रसायन, टेफ्लॉन तयार करताना कारखान्यांत अनेक दशकं वापरलेलं. त्याचेच भाऊबंद पीएफओएस आणि पीएफएचएक्सएस आग विझवण्याच्या फेसात असायचे. यांच्यातली कार्बन-फ्लोरीनची गाठ आपल्या यकृताला सुटत नाही, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंनाही नाही. नंदेसरीचे कारखाने आणि समुद्राकडे सांडपाणी नेणारा लांबलचक कालवा पाहत वाढलेल्या बडोदेकरांनी हे वाक्य दोनदा ऐकावं.

डीडीटी हे कीटकनाशक चरबीत साठतं. ही रसायनं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून फिरतात. मूत्रपिंडात ती गाळली जातात खरी, पण तिथल्याच नलिका त्यांना उचलून पुन्हा रक्तात सोडतात. दारापर्यंत पोचवलेला पाहुणा दरवेळी परत घरात.

स्वीडनमधलं रॉनेबी. डिसेंबर २०१३ मध्ये कळलं, की गावातल्या सुमारे एक तृतीयांश घरांच्या नळाला लष्करी विमानतळावरच्या फेसाची रसायनं येत होती. ते पाणी ताबडतोब बंद झालं. पुढची काही वर्षं शंभरावर गावकऱ्यांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. पीएफओए निम्मं व्हायला सरासरी २.७ वर्षं लागली, पीएफओएसला ३.४, पीएफएचएक्सएसला ५.३.

निम्मं व्हायला. पहिलीतल्या मुलीच्या रक्तात पीएफएचएक्सएस शंभर भाग धरा. सहावीत पन्नास. अकरावीत पंचवीस. पदवी हातात येते तेव्हा साडेबारा. तेही मधल्या सोळा वर्षांत नवा थेंब पोटात गेला नाही तर.

ऑस्ट्रेलियात २८५ अग्निशमन कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. वर्षभर नियमित रक्त किंवा प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) देणाऱ्यांच्या रक्तातली पीएफओएसची पातळी खरोखर उतरली. रक्त बाहेर गेलं, त्याच्याबरोबर तेही गेलं.

न विरघळता टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांना आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएस २००९ मध्ये आलं, पीएफओए २०१९ मध्ये, पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये. भारत त्या करारात २००६ पासून आहे.

वाड्यात दुपार झालीये. सून माठातलं पाणी घेऊन झोपाळ्यावर टेकते. बायकांच्या शरीरातून ही रसायनं पाळीतल्या रक्ताबरोबर थोडी थोडी जातात. गरोदरपणी नाळेतून जातात, नंतर दुधातून. बाळाला अंगावर पाजाच, असंच डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबर आहे; त्या दुधाला तोड नाही. पण आईच्या रक्तातला आकडा उतरतो, तेव्हा त्यातला काही भाग बाळाच्या रक्तात चढलेला असतो. तिथून निम्म्याचा हिशेब नव्याने सुरू होतो.