‘मेंदूला सूज’ म्हणताना: दीर्घकालीन थकव्याच्या आजाराविषयी

घोटा मुरगळला की टम्म फुगतो, लाल होतो, हात लावला तर गरम लागतो. सूज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेच येतं. आज जिच्याबद्दल बोलायचंय त्या सुजेत यातलं काहीच दिसत नाही. रुग्णाचा एमआरआय नॉर्मल, रक्तातून दाह मोजणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या चाचण्याही नॉर्मल. फाइल तेवढी जाड होत जाते आणि शेवटी घरातलंच कुणीतरी म्हणतं, ‘रिपोर्टमध्ये तर काही नाही, उगाच मनावर घेतलंय.’

दीर्घकालीन थकव्याचा हा आजार ओळखायचा कसा, ते आधी सांगतो. २०१५ साली अमेरिकेत ठरलेल्या निकषांत तीन गोष्टी असाव्याच लागतात: सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची ताकद बरीच घटलेली, झोपूनही न जाणारा शीण, आणि श्रमानंतरची घसरण. शिवाय विचार-स्मरणाचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर वाढणारा त्रास, या दोहोंपैकी एक. यात खरी खूण घसरणीची. सोमवारी बाजारातून भाजी आणली, तेव्हा ठीक होतं. मंगळवारी किंवा बुधवारी अंथरुणातून उठवत नाही. नुसत्या दमण्यात असा उशीर नसतो.

आता नाव. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये अशा आजाराची साथ आली. आजारी पडले ते मुख्यतः तिथलेच कर्मचारी, इतके की रुग्णालय काही काळ बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी ‘मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस’ हे नाव पुढे आलं. शेवटचं ‘आयटिस’ म्हणजे दाह. म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा दाह असं नावातच म्हणून टाकलं, आणि तो यंत्राने शोधून पाहायला अर्धं शतक जावं लागलं. बारसं आधी, बाळ नंतर!

दाहाची कल्पना मात्र हवेतली नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. एरवी त्या बारीक फांद्या फिरवत आजूबाजूचं चाचपत राहतात. जंतू किंवा मेलेली पेशी सापडली की आकार बदलून दाहाची रसायनं सोडतात. ताप आला की खावंसं वाटत नाही, बोलणं नको होतं, पांघरूण ओढून पडून राहावंसं वाटतं, ते याच रसायनांमुळे. शरीरातल्या संसर्गाची वर्दी व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून आणि रक्तातून मेंदूपर्यंत जाते, आणि मेंदू ‘पडून राहा’ असा हुकूम काढतो. एरवी आठवड्याभरात हुकूम मागे घेतला जातो. या आजारात तो मागे घेतलाच जात नाही, असा तर्क आहे.

ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावचा २००६ सालचा अभ्यास इथे आठवायला हवा. ग्रंथिज्वर, क्यू ताप आणि रॉस रिव्हर विषाणू यांपैकी एकाने आजारी पडलेल्या २५३ जणांचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के या आजाराच्या निकषांत बसले. कोण बसणार हे त्यांच्या आधीच्या मनःस्थितीवरून नाही, तर पहिल्या आजाराच्या तीव्रतेवरून सांगता आलं. आपल्याकडे चिकनगुनियाचा जो विषाणू आहे, त्याच्याच गोत्रातला हा रॉस रिव्हर. त्यामुळे ‘चिकनगुनियानंतर वर्ष झालं, अंगात बळच नाही’ म्हणणाऱ्या माणसाला हसून घालवू नये.

मग थेट पुरावा काय? २०१४ साली जपानमध्ये नऊ रुग्ण आणि दहा निरोगी माणसांचं पेट स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य शरीरात कुठे साठतं ते टिपणारं चित्रण) झालं. मायक्रोग्लिया चेतल्या की टीएसपीओ नावाचं प्रथिन वाढतं, असं गृहीत धरून त्याला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून दिलं. त्यातल्या कार्बन-११ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, वीस मिनिटं. तासाभरात आठवा हिस्साच उरतो. म्हणून ते बनवणारं सायक्लोट्रॉन हे यंत्र जवळ लागतं आणि स्कॅनची खोली तयार ठेवूनच द्रव्य बनवावं लागतं. थॅलॅमस, हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला, मध्यमस्तिष्क अशा मेंदूच्या भागांत रुग्णांमधला संकेत ४५ ते १९९ टक्के जास्त आला. बातम्या झाल्या: ‘मेंदूला सूज सापडली.’

इथे थोडं थांबू या. रुग्ण नऊच. पुढे नेदरलँड्समध्ये याच द्रव्याने अभ्यास झाला, तेव्हा रुग्ण आणि निरोगी यांच्यात फरक दिसला नाही. आणखी अडचण प्रथिनाचीच. टीएसपीओ रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आणि इतर पेशींतही असतं. उंदरांत मायक्रोग्लिया चेतल्यावर ते पेशीगणिक वाढतं; माणसात तसं होत नसल्याचं २०२३ साली दाखवलं गेलं. माणसात संकेत वाढला तर पेशींची दाटी वाढली असेल, त्या चेतल्याच असं म्हणता येत नाही. माझ्या मते जपानचा अभ्यास खोटा ठरत नाही, पण त्याचा अर्थ पुन्हा मोकळा झाला.

दुसरी वाट स्पेक्ट्रोस्कोपीची, म्हणजे संकेतांवरून मेंदूतली रसायनं ओळखण्याची, आणि ती मला जास्त रंजक वाटते. एमआरआयच्याच यंत्रात पाण्याच्या संकेताची जागा तापमानाप्रमाणे सरकते, एका अंशाला दशलक्षांशाचा शंभरावा भाग. क्रिएटिनसारख्या रेणूंची सरकत नाही. या दोघांतलं अंतर मोजलं की कवटी न उघडता मेंदूचं तापमान कळतं. अमेरिकेत अलाबामामध्ये १५ स्त्री-रुग्ण आणि तितक्याच निरोगी स्त्रियांची अशी तपासणी झाली. रुग्णांमध्ये काही ठिकाणी लॅक्टेट (साखर प्राणवायूशिवाय जळली की उरणारं रसायन) जास्त आणि काही ठिकाणी तापमान वर. दाहाशी हे जुळतं. पण रक्तपुरवठा कमी पडला तरी उष्णता वाहून जात नाही आणि लॅक्टेट साठतं, हेही खरं.

‘सूज आहे ना, मग स्टेरॉइड द्या’ हा प्रश्न येतोच. १९९८ साली हायड्रोकॉर्टिसोन देऊन पाहिलं गेलं. सुधारणा किरकोळ, आणि काहींच्या अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या, स्टेरॉइड बनवणाऱ्या) ग्रंथींचं स्वतःचं काम मंदावलं. ते औषध नको. दुसरं नाव ऐकायला मिळतं ते कमी मात्रेतल्या नाल्ट्रेक्सोनचं (अफूगटातल्या औषधांचा परिणाम अडवणारं औषध), १.५ ते ४.५ मिलिग्रॅम. मायक्रोग्लियावरच्या, दाह पेटवणाऱ्या टीएलआर-४ या ग्राहीला (रसायन जिथे चिकटतं ती जागा) ते अडवतं असा तर्क. फायब्रोमायल्जिया या सर्वांगदुखीच्या आजारात ६ मिलिग्रॅमची डॅनिश चाचणी २०२४ साली आली, वेदनेत ठोस फरक नाही. आपल्याकडे गोळी मिळते ५० मिलिग्रॅमची. घरी सुरीने तुकडे करून दीड मिलिग्रॅम नेमकं निघत नाही. आणि रुग्ण दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल घेत असेल तर हे द्यायचं नाही, कारण दोन्ही अफूगटाच्या एकाच ग्राहीवर भांडतात.

दवाखान्यात आजच काय करता येईल? आधी दुसरी कारणं वगळा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड, सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार). बी-१२ तर शाकाहारी माणसाचं बघाच. मग उभं राहण्याची चाचणी. दहा मिनिटं आडवं ठेवून नाडी आणि रक्तदाब लिहा. नंतर टाचा भिंतीपासून सुमारे सहा इंच पुढे आणि खांद्याची पाती भिंतीला टेकवून दहा मिनिटं उभं करा, दर मिनिटाला नोंद घ्या. रक्तदाब न पडता नाडी मिनिटाला तीसने वाढली आणि तशीच राहिली तर पॉट्सचा (उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा विकार) विचार करा. किशोरवयात हा आकडा चाळीस. गप्पा मारू नका, पाय हलवू देऊ नका. पोटऱ्या हलल्या की रक्त वर ढकललं जातं आणि आकडा फसवा येतो. शेजारी एक जण उभा असू द्या, चक्कर येऊन पडणारे असतात. आणि ही चाचणीसुद्धा श्रमच आहे, म्हणून रुग्णाला परवाच्या दिवशी फोन करून कसं आहे ते विचारा.