जादूचा हिशेब चोख ठेवणारी कादंबरी

श्रोतेहो, नमस्कार.

अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. किशोरवयीन वाचकांसाठी काहीतरी लिहून द्या, अशी गळ बर्कलीच्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेने घातली आणि त्यातून दोनशेच्या आसपास पानांचे हे पुस्तक तयार झाले. अद्भुतकथा म्हटली की जाडजूड खंडांची तयारी ठेवावी लागते. हे पुस्तक मात्र एखाद्या रविवारी वाचून हातावेगळे होते. या आटोपशीरपणामुळे कादंबरीला बरेच काही साधले आहे आणि जे हुकले तेही बहुतांशी त्यामुळेच, असे माझे मत आहे.

अर्थसी या बेटांच्या काल्पनिक जगातल्या गॉन्ट बेटावरच्या गेड नावाच्या, आईविना वाढलेल्या मुलाची ही कथा. मावशी गावातली चेटकीण. मुलाच्या अंगी उपजत सामर्थ्य आणि त्याहून मोठी घमेंड. रोक बेटावरच्या जादूविद्येच्या शाळेत एका सहाध्यायाला खिजवण्याच्या भरात तो मृतात्म्याला हाक मारतो आणि उघडलेल्या फटीतून एक निनावी सावली जगात शिरते. ती फट बुजवताना वृद्ध महागुरूंचे प्राण जातात. पुढची कादंबरी म्हणजे आधी गेड पुढे आणि सावली मागे, नंतर सावली पुढे आणि गेड मागे, असा समुद्रावरचा पाठलाग आहे.

या जगात प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. त्यामुळे जादू शिकणे म्हणजे छडी फिरवणे नव्हे, तर घोकंपट्टी करणे. उत्तरेच्या एका एकाकी मनोऱ्यात विद्यार्थी नावांच्या याद्या पाठ करत बसतात आणि मध्यरात्री त्या कागदावरची शाई उडून जाते. तोवर पाठ झाले तर झाले. शिवाय केलेल्या जादूची किंमत कुठेतरी चुकवावीच लागते. रोकवर पाऊस पाडला तर दूरच्या एखाद्या बेटावर दुष्काळ पडू शकतो, असे शिक्षक बजावतात. जादूला असा हिशेब लावल्यामुळे नायक अडचणीत सापडल्यावर लेखिकेला कुठलीही पळवाट उरत नाही, आणि वाचकाची भीती खरी ठरते.

सर्वांत सरस प्रसंग पेंडोर बेटावरच्या ड्रॅगनचा आहे. जुन्या बखरी वाचून गेडने त्या ड्रॅगनचे नाव ताडलेले असते आणि त्या एका शब्दावर तो त्याला जागीच रोखून धरतो. तेव्हा ड्रॅगन सौदा मांडतो: तुझ्यामागे लागलेल्या सावलीचे नाव मी तुला सांगेन. गेडला जगात हवी असलेली एकच गोष्ट समोर आलेली असते, पण ज्या कोळ्यांच्या बेटांचे रक्षण करण्यासाठी तो आला, त्यांच्याकडे ड्रॅगन कधी फिरकणार नाही, एवढीच शपथ तो मागून घेतो. गेडचे मोठे होणे इथे एका वाक्यानेही सांगितलेले नाही, तरी ते पुरते कळते. गेड तांबूस-सावळा आणि त्याचा मित्र व्हेच काळा, हेही असेच गाजावाजा न करता येते. त्या काळच्या इंग्रजी अद्भुतकथांत ही गोष्ट विरळाच होती.

आता उणिवा. निवेदन प्राचीन गाथेच्या थाटाचे असल्यामुळे वर्षेच्या वर्षे दोन वाक्यांत सरतात आणि माणसे दुरून दिसतात. जास्पर हा शाळेतला प्रतिस्पर्धी तर केवळ डिवचण्यापुरता येतो; काम झाले की लेखिका त्याला वाटेला लावते. ऑस्किल बेटावरच्या किल्ल्याचे प्रकरण मला सर्वांत कच्चे वाटते. तिथली सेरेट ही गेडला बालपणी भेटलेली मुलगीच आहे, हा धागा केवढा मोलाचा होता! पण मोहात पाडणारी सुंदर स्त्री या ठरीव साच्यापलीकडे ती जात नाही.

स्त्रियांच्या बाबतीत कादंबरी एकूणच कोती आहे. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही आणि बायकांची जादू दुबळी व दुष्ट असते, अशा अर्थाची म्हण गॉन्टवर रूढ असल्याचे लेखिका सांगते, पण कथेत त्या म्हणीला कुणी हटकत नाही. व्हेचची धाकटी बहीण यॅरो तेवढी चार पानांत जिवंत होते. पृष्ठसंख्या कमी होती, ही सबब इथे चालणार नाही, कारण हा दोष दृष्टीचा आहे. ले ग्विन यांनाही तो जाणवला असावा. १९९० साली आलेल्या ‘तेहानू’ या कादंबरीत त्यांनी हेच जग एका मध्यमवयीन स्त्रीच्या नजरेतून पुन्हा पाहिले.

सावलीचे नाव काय असेल, हे सावध वाचकाला शेवटाच्या बरेच आधी उमगते. मला हा दोष वाटत नाही, कारण उत्सुकता नावाची नसून ते उच्चारण्याचे धैर्य गेड कुठून आणणार याची असते. प्रत्यक्ष सामना मात्र इतक्या थोडक्यात उरकला आहे की तो भाग दोनदा वाचावा लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती हे पुस्तक जरूर द्यावे; भाषा साधी आहे, फक्त बेटांची नावे पुष्कळ असल्याने सुरुवातीचा नकाशा उघडा ठेवायला सांगावे.