भूकंप थांबला, तरी डोंगर सुटत राहतो

नमस्कार मंडळी. आधी हा ट्रे बघा. ओली माती दाबून उतार केलाय, वर हरळीचा थर लावलाय. हे आपलं जंगल. आता खालून चार-पाच ठोके मारते. ढासळलं काही? नाही. हिरवळ जशीच्या तशी. पण कॅमेरा जवळ आणते. हरळी बोटाने जरा बाजूला केली, आणि ही बघा, केसाएवढी भेग. वरून थोडं पाणी सोडते. पाणी उतारावरून वाहून जात नाहीये, सरळ भेगेत शिरतंय.

तैवानच्या डोंगरांत हेच झालं. 21 सप्टेंबर 1999, रात्रीचे पावणेदोन. 7.6 तीव्रतेचा भूकंप, 2,400 च्या आसपास माणसं गेली, वीस हजारांवर दरडी कोसळल्या. वाटेल, पडायचं ते पडून गेलं. पण जुलै 2001 च्या अखेरीस तोराजी वादळ आलं, आणि त्या पावसात आणखी तीसेक हजार दरडी! भूकंपाला जवळजवळ दोन वर्षं होत आली होती.

का झालं असं? एक तर भूकंपात सुटलेला सगळा राडारोडा खाली नदीपर्यंत पोचत नाही. बराचसा उतारावर, घळीत अडकून बसतो आणि मोठ्या पावसाची वाट बघतो. दुसरं कारण मला जास्त भीतीदायक वाटतं, ते म्हणजे न पडलेले उतार. हादरे डोंगराच्या माथ्याकडे जास्त जोरात बसतात, त्यामुळे भेगा वर, झाडीत, पालापाचोळ्याखाली असतात. खालच्या गावातून बघाल तर डोंगर हिरवागार.

आणि झाडं? मुळं माती धरतात, हे खरंच आहे. पण बहुतेक मुळं वरच्या एक-दोन मीटरमध्येच असतात. भेग त्याहून खोल गेली असेल तर झाडांसकट अख्खा उतार खाली येतो. मग तेच ओंडके ओढ्यात आडवे अडकतात, त्यामागे पाणी तुंबतं, आणि फुटलं की चिखल-दगडांचा लोंढा.

मध्य तैवानमधल्या चेनयुलान नदीच्या खोऱ्यात भूकंपानंतर असे लोंढे पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी पावसात यायला लागले. म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा अनुभव, की "एवढ्या पावसात इथे काही होत नाही", तो त्या वर्षांपुरता खोटा ठरतो. हे फार महत्त्वाचं आहे. घर सोडायचं की नाही, हे लोक त्याच अनुभवावर ठरवतात.

हे कायमचं नसतं. सैल माती वाहून जाते, झुडपं पुन्हा रुजतात. तैवानच्या नद्यांमधला वाढलेला गाळ साधारण सहा वर्षांत पूर्वीच्या पातळीवर आला. आता तिथे मोठा भूकंप झाला की त्या भागासाठी इशाऱ्याची पावसाची मर्यादाच खाली आणतात. एरवी ज्या पावसात कुणी छत्री घेऊन बाजारात गेलं असतं, त्या पावसात गावाला हलायला सांगतात.