नीलम भट्टीत जातो तेव्हा आत नेमकं काय होतं?

(पडद्यावर दोन फोटो. डावीकडे दुधाळ, करडा खडा. उजवीकडे गडद निळा.)

नमस्कार मंडळी. डावीकडचा खडा बघा. दुधाळ, मळकट, उजेडात धरला तरी धुरकटच. श्रीलंकेत याला गेउडा म्हणतात, आणि एके काळी त्याला कुणी विचारत नव्हतं. उजवीकडचा खडा त्याच जातीचा, फक्त भट्टीतून निघालेला. १९७०च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी गेउडा कवडीमोलाने उचलला, तापवला, आणि नीलमचा बाजारच फिरवून टाकला.

आता साहजिकच वाटेल की यात रंग भरला. नाही! रंगाचं सगळं सामान आधीपासून खड्यातच होतं, फक्त चुकीच्या जागी.

नीलम म्हणजे कुरुंद, ॲल्युमिनियम ऑक्साईड. शुद्ध कुरुंदाला रंगच नसतो. निळाई येते ती लोह आणि टायटॅनियमच्या अगदी चिमूटभर भेसळीतून, तीसुद्धा एका टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पण नुसती भेसळ पुरत नाही, स्फटिकात हे दोघे शेजारी-शेजारी बसलेले हवेत. मग प्रकाश पडला की लोहाचा एक इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे उडी मारतो. त्या उडीला लागणारी ऊर्जा तो पिवळ्या-तांबड्या प्रकाशातून घेतो, आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो उरलेला निळा.

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखालचा खडा, आत बारीक सुयांची जाळी.)

गेउड्यात अडचण इथे आहे. या सुया रुटाईलच्या, म्हणजे टायटॅनियम ऑक्साईडच्या. धंद्यात यांना सिल्क म्हणतात. तीन दिशांना, एकमेकींशी ६० अंशांत रांगा लावून बसलेल्या. टायटॅनियम यांच्यात अडकून पडलंय, आणि याच सुया प्रकाश विखुरतात म्हणून खडा दुधाळ दिसतो. तापमान साधारण १६०० अंश सेल्सिअसच्या वर नेलं की सुया कुरुंदातच विरघळतात. कुरुंद स्वतः वितळतो २०५० अंशांच्या आसपास, त्यामुळे खडा शाबूत राहतो. टायटॅनियम सुटं होऊन स्फटिकात पसरतं, त्याला लोहाचा शेजार मिळतो. एका दगडात दोन पक्षी: दुधाळपणाही गेला आणि निळाईही आली.

पण नुसत्या तापमानाने हे साधत नाही, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. भट्टीतली हवा कशी आहे, यावर निम्मा खेळ ठरतो. ऑक्सिजन कमी असेल तर लोहाचं रूप बदलतं, टायटॅनियमशी जोडी जमवणारं लोह वाढतं, निळा गडद होतो. ऑक्सिजन भरपूर असेल तर उलटं. ऑस्ट्रेलियातले काळपट निळे नीलम अशाच हवेत तापवून उजळ करायचा प्रयत्न होतो. शिवाय थंड करण्याचंही तंत्र आहे. फार हळू गार केला तर सुया परत उगवतात, घाई केली तर खडा तडकतो.

तापवणं ही काही आजकालची चलाखी नव्हे. अकराव्या शतकात अल्-बिरूनी या विद्वानाने माणकं, म्हणजे लाल कुरुंद, तापवण्याबद्दल लिहून ठेवलंय. श्रीलंकेत कोळशाच्या निखाऱ्यावर फुंकणीने फुंकून माणकातली जांभळी झाक काढायचे. तिथे तापमान बरंच कमी, त्यामुळे सिल्क विरघळत नाही. आजही गुलाबी नीलम (लाल सोडून इतर रंगांच्या कुरुंदालाही नीलमच म्हणतात) आणि माणिक असे कमी आचेवर तापवतात, आणि रत्नपारख्याला सर्वांत जास्त त्रास हेच खडे देतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही बदललेलं दिसत नाही.

जास्त आचेच्या खुणा मात्र लपत नाहीत. सुयांच्या जागी तुटक ठिपक्यांच्या रेषा उरतात. आत अडकलेला एखादा दुसऱ्या खनिजाचा कण तापून फुगतो आणि त्याच्याभोवती चकतीसारखी गोल चीर पडते. अशी चीर एकदा नीट पाहिलीत की पुढच्या वेळी लगेच ओळखाल.

रंग टिकतो का, हे कमेंटमध्ये सारखं विचारलं जातं. टिकतो. रोजच्या वापराने किंवा उन्हाने हा निळा उडत नाही. उन्हात फिकट पडतात ते किरणोत्साराने पिवळे-नारिंगी केलेले खडे, तो निराळा प्रकार.

आणि आता ज्याला मी तापवणं म्हणायला तयार नाही, ते. २००१च्या सुमारास बाजारात अचानक सुंदर नारिंगी-गुलाबी नीलमांची रीघ लागली. प्रयोगशाळाही चक्रावल्या. नंतर उलगडा झाला: मुशीत खड्यांबरोबर क्रिसोबेरिल, म्हणजे बेरिलियम असलेलं खनिज, जात होतं आणि बेरिलियम बाहेरून खड्यात मुरत होतं. दहा लाखांत काही भाग एवढंसं, पण रंग पालटायला पुरेसं. बेरिलियम इतकं हलकं मूलद्रव्य आहे की नेहमीच्या क्ष-किरण यंत्राला ते दिसतच नाही. लेझरने खड्याच्या कडेचा नजरेला न दिसणारा कण उडवून त्याचं वस्तुमान मोजावं लागतं.

म्हणून प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात आला की ‘तापवलेला आहे’ या ओळीवर थांबू नका. बाहेरून काही मुरवलंय का, तेही त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. नसेल, तर बेरिलियमची चाचणी केली होती का, एवढं विचाराच.