पॅनल वर, पण भार पायावर

नमस्कार श्रोतेहो. सौर पंप बसवायचा म्हटलं की आपल्याकडे चौकशी सुरू होते ती पॅनल किती वॅटचं आणि पंप किती एचपीचा इथून. ज्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे स्ट्रक्चरवर, हे सगळं उभं राहतं, त्याबद्दल कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. मोहोळकडच्या आमच्या शेतात पॅनल बसले, आणि पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात अख्खा सांगाडा पायासकट उपटून ज्वारीच्या धसकटात जाऊन पडला. खड्डे मोजले, तर जेमतेम दीड फूट!

धान्य पाखडताना सुपाखाली वारा शिरला की सूप कसं हातातून निसटू बघतं? तिरक्या पॅनलचं तसंच होतं. 5 एचपीच्या पंपाला 540 वॅटचे नऊ-एक पॅनल लागतात. त्यांचं क्षेत्रफळ साधारण 23 चौरस मीटर. ताशी 140 किलोमीटरचा वारा धरला, तर चौरस मीटरला 90 किलोच्या वर दाब येतो. म्हणजे सगळे मिळून दोन टन! आणि एक घनफूट काँक्रीट भरतं 68 किलो. आमच्या पायात काँक्रीट किती होतं, ते तुम्हीच ताडा.

त्यात आपली काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो, एक खांब उचलला जातो, पॅनलला पीळ बसतो आणि काच तडकते. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा. मंगळवेढ्याकडच्या खोल काळ्या रानात मुरूम लवकर लागत नाही. तिथे खड्डा तळाशी रुंद करून घ्यावा. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी असेच तळाशी फुगीर पाये विकसित केले आहेत.

आता लोखंड. चांदीसारखा चकाकणारा रंग बघून भुलू नका. खरं गॅल्व्हनायझिंग म्हणजे सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात अख्खा खांब बुडवणं. पॅनल 25 वर्षं चालायचे, तर खांबही तेवढा टिकायला हवा. त्यासाठी जस्ताचा थर 80 मायक्रॉनच्या आसपास असावा. फिटरने शेतात वेल्डिंग केलं, भोक पाडलं, की नेमकं तिथलं जस्त जातं आणि गंज तिथूनच धरतो. त्यामुळे कापणं, भोकं पाडणं, सगळं कारखान्यातच उरकून यावं. खांबाभोवतीचं काँक्रीट जमिनीपासून अर्धा फूट वर आणि उतरतं ठेवा, पाणी साचत नाही.

तोंड दक्षिणेला आणि उतार 17-18 अंश, कारण सोलापूरचा अक्षांशच तेवढा आहे. हे बहुतेक फिटरना ठाऊक असतं.

वळीव सुरू व्हायच्या आत, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पाना घेऊन एक फेरी मारा. सैल झालेले नट आवळा, गेलेले वॉशर बदला, अर्थिंगची तार जागेवर आहे का बघा. फक्त पॅनलचे क्लॅम्प जोर लावून पिळू नका. आमची दुसरी काच तशीच गेली. नमस्कार.