लेकराचं ‘हो’

(नागपुरात शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, एक प्रश्न ऐका. ‘काकांनी तुला हात लावला नव्हता ना?’ यावर सात वर्षांचं लेकरू ‘हो’ म्हणालं, तर तुम्ही काय लिहून घ्याल? लावला होता, की नव्हता? मराठीत या ‘हो’चे दोन्ही अर्थ निघतात. मोठा माणूस पुढे दोन शब्द जोडून खुलासा करतो. लेकरू समोरच्याचा चेहरा बघतं आणि गप्प राहतं. कागदावर मात्र त्या ‘हो’ला एकच अर्थ मिळतो.

पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, खटल्यांत सहाय्यक व्यक्ती म्हणून मी मुलांसोबत न्यायमंदिरात बसते. या ‘हो’ची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

वयाची अडचण कायद्याला नाही. जुन्या साक्ष कायद्याचं ११८वं कलम असो, की १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं १२४वं, मुलाला प्रश्न कळतो का आणि समजेल असं उत्तर देता येतं का, एवढंच पाहिलं जातं. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ कळत नसली, पण खरं बोलायचं असतं हे कळत असलं, तर शपथेविना साक्ष घेता येते. एकट्या मुलाच्या साक्षीवरही, ती विश्वासार्ह असेल तर, शिक्षा होऊ शकते; हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९९७ साली सांगितलं.

‘पोराला पढवून आणलंय,’ हा बचावाचा नेहमीचा आक्षेप. तो तपासलाच पाहिजे, कारण आरोपीलाही न्याय हवा. पण तपासायचं कसं? तारीख विचारली की मूल अडखळतं, आणि अडखळलं की खोटं ठरतं. तेच मूल सणावरून बरोबर सांगू शकतं: ‘तान्हा पोळा होता, माझ्या लाकडी नंदीचं चाक निघालं होतं.’ नागपूरच्या लेकराचं कॅलेंडर असंच असतं. मारबतीची मिरवणूक, दिवाळीची सुट्टी, मामाचं लग्न. त्याच्या कॅलेंडरातून विचारलं, तर उलटतपासणीही नीट होते.

पोक्सोचं ३३वं कलम इथे फार मोलाचं आहे. सरकारी वकील असोत की बचावाचे, प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचा आणि न्यायाधीशांनी तो मुलाला विचारायचा. म्हणजे ते ‘नव्हता ना’ तिथेच गाळता येतं. ‘काकांनी काय केलं?’ असं साधं विचारता येतं. प्रश्न नुसता मोठ्याने पुन्हा वाचला, तर या कलमाचा उपयोगच उरत नाही. मधे विश्रांती द्यायची, दरडावायचं नाही, पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, हेही त्याच कलमात आहे. आरोपी दिसू नये म्हणून ३६व्या कलमात पडद्याची सोय आहे. पण बाहेरच्या व्हरांड्यात तोच माणूस समोर आला, तर पडद्याला काय अर्थ?

आणि वेळ. ३५वं कलम म्हणतं, न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवा. उशीर झाला तर कारणं लिहा. साक्ष लांबली, की त्या नंदीचं चाक आठवणीतून निसटतं. मग उरतं ते घरात पन्नासदा ऐकलेलं. पढवल्याचा आक्षेप तिथेच बळावतो.

म्हणून पालकांना हात जोडून सांगते, आदल्या रात्री उजळणी घेऊ नका. ‘काय सांगशील?’ असंही विचारू नका. जेवू घाला, झोपवा. फक्त दोन वाक्यं त्याला म्हणता येऊ देत: ‘मला कळलं नाही’ आणि ‘मला आठवत नाही’. कोर्टात ती चालतात, हे त्याला आधीच माहीत असू द्या.