न झालेला ऑक्टोबर : मॉन्ट्रियल एक्सपोज, १९९४

२७ जून १९९४, सोमवारची रात्र. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये ४५ हजारांहून अधिक लोक आपल्या एक्सपोज या बेसबॉल संघासाठी जमले आहेत. समोर अटलांटा ब्रेव्हजचा बलाढ्य संघ आहे आणि चेंडू आहे ग्रेग मॅडक्सच्या हातात. लागोपाठ दोन वर्षे लीगमधील सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, मान मिळवणारा हा खेळाडू होम रन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे जाणारा फटका, फार क्वचित देतो. त्याच्यासमोर उभा असलेला एक्सपोजचा फलंदाज क्लिफ फ्लॉइड अवघा २१ वर्षांचा आहे. मॅडक्सचा चेंडू तो उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडे भिरकावून देतो, तीन धावा होतात आणि त्या क्षणी उसळलेल्या आवाजाची आठवण मॉन्ट्रियलचे जुने चाहते आजही काढतात. यंदा आपला संघ जिंकणार, हा विश्वास त्या रात्री या शहराच्या मनात रुजला.

हा विश्वास रुजायला २५ वर्षे लागली होती. मॉन्ट्रियल एक्सपोज हा मेजर लीगमधील, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील, अमेरिकेबाहेरचा पहिला संघ. १९६९ मध्ये तो सुरू झाला तेव्हा शहरात दोन वर्षांपूर्वी भरलेल्या ‘एक्स्पो ६७’ या जागतिक प्रदर्शनावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. फ्रेंचभाषक चाहते त्याला ‘नोझ आमूर’, म्हणजे ‘आमचे लाडके’, म्हणत. या लाडक्या संघाला ऑक्टोबरमधील बाद फेरी मात्र केवळ एकदाच, १९८१ मध्ये गाठता आली होती. त्या वर्षी खेळाडूंचा संप झाला होता. हंगामाचे दोन भाग करावे लागले, दुसऱ्या भागात एक्सपोजने आपला विभाग जिंकला आणि लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात शेवटच्या डावात रिक मंडेच्या एका होम रनने त्यांचा २–१ असा पराभव केला. मॉन्ट्रियलमध्ये तो दिवस ‘ब्लू मंडे’ म्हणूनच ओळखला जातो.

१९९४ चा संघ घडवण्यामागे पैसा नव्हता, पारख होती. सर्व खेळाडूंच्या वेतनाची बेरीज २ कोटी डॉलरच्याही आत होती आणि मोठ्या शहरांतील काही संघ याच्या दुपटीहून अधिक खर्च करत होते. मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारे मुख्य प्रशिक्षक, फेलिपे अलू हे मेजर लीगमधील डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेले पहिले मॅनेजर होते. कनिष्ठ लीगमधील छोट्या गावांच्या मैदानांवर वर्षानुवर्षे तरुण खेळाडू घडवल्यानंतर, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांच्या हाती मुख्य संघ आला होता. त्यांचा मुलगा मोईसेस याच संघात होता. आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये धावताना त्याचा पाय भयंकर पद्धतीने मोडला होता, आणि .३०० ची सरासरी ओलांडणाऱ्याला जिथे उत्तम फलंदाज मानतात त्या खेळात तो या हंगामात .३३९ वर पोहोचला. लॅरी वॉकर हा ब्रिटिश कोलंबियात हॉकीचा गोलरक्षक होण्याची स्वप्ने पाहत वाढलेला कॅनेडियन मुलगा होता. मार्किस ग्रिसम मैदानाचा मधला भाग वाऱ्याच्या वेगाने राखत असे. आणि २२ वर्षांचा, शरीराने किरकोळ पेद्रो मार्टिनेझ! त्याच्या खांद्यांना पूर्ण हंगामाचा भार पेलवणार नाही, असे समजून डॉजर्सने त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकले होते.

जुलैअखेर एक्सपोजने ब्रेव्हजला मागे टाकले. ११ ऑगस्टच्या रात्री त्यांच्या नावावर ७४ विजय आणि ४० पराभव होते, दुसऱ्या क्रमांकावरील ब्रेव्हजपेक्षा ते सहा सामन्यांनी पुढे होते आणि मेजर लीगच्या दोन्ही शाखांतील २८ संघांत त्यांची कामगिरी सर्वोत्तम होती. हाच वेग टिकला असता तर १६२ सामन्यांच्या हंगामात त्यांचे १०५ विजय झाले असते. उरलेले ४८ सामने कधीच खेळले गेले नाहीत.

१२ ऑगस्टपासून खेळाडू संपावर गेले. कोट्यधीशांनी अधिक पैशांसाठी केलेला हट्ट, असे या संपाचे वर्णन तेव्हा अनेकांनी केले, पण ते अपुरे आहे. खेळाडूंनी वेतनवाढ मागितलेली नव्हती. संघमालकांनी जूनमध्ये ठेवलेल्या प्रस्तावात प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा घालण्याची तरतूद होती आणि ती लागू झाली असती तर अनेक वर्षांच्या लढ्यातून मिळालेले वाटाघाटींचे स्वातंत्र्य खेळाडूंनी गमावले असते. जुना करार १९९३ च्या अखेरीस संपला होता. हंगाम एकदा पार पडला की वाटाघाटी फिसकटल्याचे जाहीर करून मालक ही मर्यादा एकतर्फी लादतील, अशी खेळाडूंच्या संघटनेला आणि तिचे प्रमुख डोनाल्ड फेहर यांना भीती होती. खेळाडूंचे वेतन हंगामभर मिळत राहते, मालकांची मोठी कमाई मात्र ऑक्टोबरमधील सामन्यांच्या दूरचित्रवाणी हक्कांतून होते. त्यामुळे दबाव आणायचा तर ऑगस्टमध्येच, असा हिशेब मांडला गेला. अविश्वासही जुना होता. १९८० च्या दशकात खेळाडूंचे भाव पाडण्यासाठी मालकांनी आपापसांत संगनमत केल्याचे सिद्ध झाले होते आणि त्यापोटी त्यांना २८ कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली होती.

वेतनमर्यादेचे समर्थन करताना मालक छोट्या शहरांतील संघांचा दाखला देत. अशा संघांना मोठ्यांच्या बरोबरीने स्पर्धा करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या युक्तिवादात तथ्य होते, कारण मॉन्ट्रियलला उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये मिळत असे, वेतन अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागे आणि विनिमयाच्या दरातच त्याचा मोठा पैसा गळून जाई. तरीही ज्या वर्षी हा वाद विकोपाला गेला, नेमक्या त्याच वर्षी सर्वांत कमी खर्चाच्या संघांपैकी एक असलेला मॉन्ट्रियल मैदानावर सर्वांच्या पुढे होता. ज्यांच्या नावाने भांडण मांडले गेले, त्यांचीच आयुष्यातली सर्वांत मोठी संधी त्या भांडणात गेली.

१४ सप्टेंबरला मेजर लीगचे प्रभारी आयुक्त बड सीलिग यांनी उर्वरित हंगाम आणि विजेता ठरवणारी अंतिम मालिका, म्हणजे वर्ल्ड सिरीज, रद्द केल्याची घोषणा केली. १९०४ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीजविना वर्ष सरणार होते. दोन महायुद्धांनाही ती थांबवता आली नव्हती. हिवाळ्यात राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची मध्यस्थी निष्फळ ठरली आणि मालकांनी बदली खेळाडू आणून सरावाचे सामने भरवले. अखेर ३१ मार्च १९९५ रोजी न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला, जुन्या कराराच्या अटी पुन्हा लागू झाल्या आणि २३२ दिवसांनंतर संप मिटला.

मॉन्ट्रियलचा खरा घात त्यानंतर झाला, आणि तो सांगितल्याशिवाय ही कथा सांगणे अन्यायाचे होईल. मालकी एका भागीदारी गटाकडे होती आणि या भागीदारांची नवे भांडवल घालण्याची तयारी नव्हती. गटाचे प्रमुख क्लोद ब्रोशू यांनी महागडे खेळाडू सोडण्याचा आदेश दिला आणि खेळाडूंचे व्यवहार पाहणारे जनरल मॅनेजर केव्हिन मलोन यांना तो पाळावा लागला. ५ आणि ६ एप्रिल या दोन दिवसांत पिचर केन हिल सेंट लुईसला, जॉन वेटलंड न्यूयॉर्क यँकीजला आणि ग्रिसम चक्क ब्रेव्हजला देण्यात आला. करारमुक्त झालेला वॉकर त्याच आठवड्यात कोलोरॅडोला गेला. संपाने या संघाचा एक ऑक्टोबर हिरावला होता. पुढचे सगळे ऑक्टोबर या निर्णयाने हिरावले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९९५ च्या हंगामात एक्सपोज विभागात तळाला राहिले. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज ब्रेव्हजने जिंकली आणि अखेरचा झेल टिपला ग्रिसमने. पुढच्या वर्षी यँकीजच्या विजयात वेटलंड मालिकेचा मानकरी ठरला. १९९७ मध्ये पेद्रो मार्टिनेझ मॉन्ट्रियलकडून खेळतानाच लीगमधील सर्वोत्तम पिचर ठरला आणि हंगाम संपताच त्यालाही बॉस्टनला पाठवण्यात आले. प्रेक्षक कमी होत गेले, शहराच्या मध्यभागी नवे स्टेडियम बांधण्याची योजना कागदावरच राहिली आणि २००२ मध्ये खुद्द मेजर लीगने हा संघ विकत घेतला.

२९ सप्टेंबर २००४ रोजी ऑलिम्पिक स्टेडियममध्ये एक्सपोजचा घरचा शेवटचा सामना झाला. संघ वॉशिंग्टनला हलवण्याचा निर्णय त्याच दिवशी जाहीर झाला होता. ३१ हजारांहून अधिक लोक निरोपाला आले आणि फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध ९–१ असा पराभव पाहूनही ते बराच वेळ जागचे हलले नाहीत. त्या रात्री स्टेडियममध्ये एक नवा फलक उलगडण्यात आला. त्यावर वर्ष होते १९९४, आणि त्याखाली फ्रेंच व इंग्रजी या शहराच्या दोन्ही भाषांत लिहिले होते : बेसबॉलमधील सर्वोत्तम संघ.